विदारणाने ढासळणारा उतार: प्रयोगशाळेतलं मॉडेल, टप्प्याटप्प्याने

सिव्हिल आणि भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे उताराच्या मॉडेलचे प्रकल्प पाहिले की एक चूक सारखी दिसते. पेटीत माती भरली जाते, वरून फवारा सुरू होतो, उतार घसरतो आणि अहवालावर शीर्षक येतं ‘विदारणामुळे दरड कोसळणे’. तो उतार पाण्याने पडलेला असतो. विदारण त्या पेटीत झालेलंच नसतं.

विदारण म्हणजे खडकाची ताकद हळूहळू उतरत जाणं. पाऊस हे शेवटचं निमित्त. सह्याद्रीत माळीण (30 जुलै 2014), तळिये (22 जुलै 2021) आणि इर्शाळवाडी (19 जुलै 2023) इथे दरडी जोराच्या पावसात आल्या. पण त्या डोंगरांनी त्याआधी कित्येक पावसाळे सोसले होते. मग याच वर्षी उतार का गेला? या प्रश्नात ताकद किती उतरली होती आणि पाण्याने किती ढकललं, हे दोन भाग आहेत. मॉडेलमध्ये ते वेगळे करता आले तरच प्रयोगाला अर्थ आहे. खालचा सगळा क्रम त्यासाठीच आहे.

उदाहरण सह्याद्रीच्या बेसॉल्टचं घेतलं आहे: वर माती, खाली मुरूम, मुरमात अडकलेले गोटे आणि त्याखाली कातळ. जांभ्याच्या किंवा शेलच्या उतारालाही क्रम हाच राहील, आकडे बदलतील.

## 1. प्रश्न एका वाक्यात लिहा

पेटीला हात लावण्याआधी वहीत एक वाक्य लिहा. उदाहरणार्थ: ‘45 अंशांच्या उताराच्या वरच्या थराचं कोहिजन किती उतरल्यावर उतार जातो, आणि घसरणीचा पृष्ठभाग कुठून जातो?’ कोहिजन म्हणजे दाण्यांना एकमेकांशी धरून ठेवणारी ताकद. या वाक्यात पाऊस नाही, हे मुद्दाम आहे. पावसाची मालिका नंतर वेगळी करायची.

याच वेळी तुलनेचं मॉडेल ठरवा: तोच मसाला (पेटीत भरायचं मिश्रण), तीच घनता, तोच ओलावा, फक्त विदारण नाही. बहुतेक जण हे वेळ उरला तर करू म्हणून शेवटाला ठेवतात आणि वेळ कधीच उरत नाही. तुलनेचं मॉडेल सगळ्यात आधी करा. ते नसेल तर तुमच्या निष्कर्षातला ‘विदारणामुळे’ हा शब्द टिकत नाही.

## 2. डोंगरावरून ताकदीची उतरण आणा

खडक कुजताना पाहायला आपल्याकडे शतकं नाहीत. म्हणून वेळेच्या जागी खोली वापरायची. घाटरस्त्याच्या ताज्या कापावर वरपासून खालपर्यंत विदारणाच्या पायऱ्या एकाच भिंतीत दिसतात: वर हाताने चुरणारा मुरूम, मध्ये हातोडीच्या एका घावात फुटणारा खडक, खाली हातोडी उसळवणारा कातळ. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ताज्या खडकापासून पूर्ण मातीपर्यंत एक ते सहा श्रेणी असतात. निदान तीन श्रेणींचे नमुने घ्या.

- नमुने ठोकळ्याच्या रूपात काढा. फावड्याने घमेल्यात ओढलेला मुरूम ताकद मोजायला निरुपयोगी असतो, कारण त्याची नैसर्गिक बांधणी तिथेच मोडते.
- काढल्याबरोबर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ओलावा टिकवा.
- प्रत्येक श्रेणीसाठी दोन चाचण्या करा: डायरेक्ट शिअर, म्हणजे नमुना आडवा सरकवून ताकद मोजणं (भारतीय मानक आय.एस. 2720 भाग 13), आणि स्लेक ड्युरेबिलिटी, म्हणजे पाण्यात घोळवल्यावर खडक किती टिकतो ते पाहणं (आय.एस. 10050).

स्लेक चाचणीला 40 ते 60 ग्रॅमचे दहा तुकडे लागतात, वजन मिळून सुमारे अर्धा किलो. दोन मिमी जाळीचा ड्रम मिनिटाला 20 फेऱ्यांनी दहा मिनिटं पाण्यात फिरतो, नंतर उरलेलं सुकवून वजन करायचं आणि हेच पुन्हा एकदा. तुकड्यांच्या कडा आधी गोल करून घ्या. धारदार कडा तुटून गेल्या की खडक आहे त्यापेक्षा कमकुवत दिसतो.

सावधान: कापाच्या पायथ्याशी उभं राहून वरचा भाग खणू नका, आणि पावसाळ्यात घाटात नमुने काढायला जाऊच नका. रस्त्याच्या हद्दीत काम असेल तर संबंधित खात्याची परवानगी घ्या.

सावधान: मुरमात किंवा जांभ्यात हॅलॉयसाइट हे चिकणखनिज असेल तर 105 अंशांच्या ओव्हनमध्ये ते कायमचं बदलतं, पुन्हा भिजवलं तरी मूळ गुण परत येत नाहीत. डायरेक्ट शिअरचा नमुना ओव्हनमध्ये घालू नका. ओलाव्याच्या मोजणीसाठी वेगळा लहान भाग काढा.

या टप्प्याच्या शेवटी तुमच्याकडे एक आलेख हवा: आडव्या अक्षावर श्रेणी, उभ्या अक्षावर कोहिजन. आकड्यांपेक्षा गुणोत्तरं महत्त्वाची. समजा दुसऱ्या नमुन्याचं कोहिजन पहिल्याच्या साठ टक्के आणि तिसऱ्याचं पंचवीस टक्के निघालं, तर मॉडेलला हीच उतरण द्यायची आहे.

## 3. प्रमाणाचा हिशेब (इथेच सगळ्यात जास्त प्रकल्प बुडतात)

पेटीत डोंगरावरचा खरा मुरूम भरला म्हणजे मॉडेल खरं झालं, हा समज सोडा. लहान उतारात वजनाचा ताण लहान असतो. त्या मानाने खऱ्या मुरमाचं कोहिजन इतकं जास्त ठरतं की पन्नास सेंटीमीटरची भिंत सरळ उभी राहते, कितीही कुजवली तरी.

डोंगर आणि मॉडेल यांत जुळवायची प्रमाणसंख्या एकच: कोहिजन भागिले (एकक वजन, म्हणजे एका घनमीटरचं वजन, गुणिले उंची).

समजा खऱ्या उताराची उंची 15 मीटर, एकक वजन 18 किलोन्यूटन प्रति घनमीटर आणि कोहिजन 15 किलोपास्कल आहे. संख्या येते 15 ÷ (18 × 15) = 0.056. मॉडेल अर्धा मीटर उंच आणि मसाल्याचं एकक वजन 15.1. मग मॉडेलचं कोहिजन हवं 0.056 × 15.1 × 0.5, म्हणजे सुमारे 0.42 किलोपास्कल. घर्षणकोन म्हणजे दाण्यांमधलं घर्षण दाखवणारा कोन. त्याला एकक नसतं, तो खऱ्या उताराइतकाच ठेवायचा.

0.42 किलोपास्कल फार थोडं आहे. म्हणून खऱ्या मुरमाचं काम दुसऱ्या टप्प्यात संपलं. ताकद कशी उतरते हे त्याने सांगितलं, आता ती उतरण पेटीत आणायला वेगळा मसाला लागेल.

सेंट्रिफ्यूजची (मॉडेल जोरात फिरवून त्यातला वजनाचा ताण वाढवणारं यंत्र) सोय असेल तर ताण खऱ्याइतका करता येतो आणि ही अडचण उरत नाही. पण बहुतेक महाविद्यालयांत ती नसते, म्हणून इथे साध्या पेटीचाच विचार केला आहे.

तपासा: टेलरच्या आलेखावरून (ताकद, उंची आणि कोन यांवरून उतार टिकेल का ते दाखवणारा आलेख), ठरवलेल्या कोनाला उतार सुरुवातीला उभा राहतो का, आणि कोहिजन किती उतरल्यावर जाईल, हे कागदावर आधी काढा. पाच टक्के उतरणीतच जाणार असेल तर टप्पे पाहायला मिळणार नाहीत. शून्यावर आणूनही जाणार नसेल तर कोन वाढवा.

## 4. मसाला: विरघळणाऱ्या बांधणीची वाळू

0.6 ते 1.2 मिमीची धुतलेली वाळू घ्या आणि दाणे एकमेकांना जिप्समने हलकेच बांधा. मीठ किंवा साखर वापरू नका. मीठ लिटरला साडेतीनशे ग्रॅमच्या वर विरघळतं, पहिल्याच पाण्यात बांधणी संपते. जिप्सम लिटरला जेमतेम 2.4 ग्रॅम विरघळतं. म्हणून विदारण वरून आत हळूहळू सरकतं, डोंगरात सरकतं तसंच. सिमेंटची बांधणी पाण्याने सुटतच नाही.

वाळू बारीक घेऊ नका. समुद्रकिनारी ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो तो केशाकर्षणाने, म्हणजे दाण्यांमधल्या पाण्याच्या ओढीने. बारीक वाळूत हे खोटं कोहिजन एक किलोपास्कलच्याही वर जाऊ शकतं, तुम्हाला हव्या असलेल्या 0.42 च्या दुपटीहून जास्त. मग जिप्सम गेलं तरी उतार उभा राहतो आणि कारण सापडत नाही. जिप्सम न घातलेल्या वाळूचं कोहिजन त्याच ओलाव्यावर मोजा आणि अहवालात वेगळं दाखवा.

मिश्रणाचा क्रम:

1. कोरड्या वाळूत प्लॅस्टर ऑफ पॅरिस मिसळा; पाणी धरलं की त्याचंच जिप्सम होतं. सुरुवात वजनाच्या 1 टक्क्याने करा.
2. रंग एकसारखा झाल्यावरच पाणी फवारा, वाळूच्या 6 टक्के.
3. पाणी पडल्यापासून दहा मिनिटांच्या आत थर भरून दाबा.

प्लॅस्टर उघड्या पोत्यातलं नको. हवेतला ओलावा घेतलेलं प्लॅस्टर नीट धरत नाही. कामाच्या दिवशी चमचाभर कालवून पाहा. अर्ध्या तासात टणक झालं नाही तर पोतं बदला.

आता ताकद मोजणं. नेहमीचे 50, 100, 200 किलोपास्कलचे उभे ताण इथे चालत नाहीत. इतक्या ताणांवरून मागे ओढलेल्या रेषेत 0.42 हा आकडा मोजणीतल्या त्रुटीतच बुडून जातो. 2, 5 आणि 10 किलोपास्कल वापरा. 6 सेमी चौरस पेटीवर याची वजनं होतात 0.73, 1.83 आणि 3.67 किलो. लिव्हरवर न टाकता ती थेट वरच्या टोपीवर ठेवा, आणि टोपीचं व पेटीच्या वरच्या अर्ध्या भागातल्या वाळूचं वजन त्यात धरा.

तपासा: लहान खोक्यात मसाला भरून घट्ट होऊ द्या, एक बाजू काढा आणि कडा उभी राहते का पाहा. कोहिजन 0.42 आणि घर्षणकोन 30 अंश असेल तर उभी कड हिशेबाने सुमारे 19 सेमीपर्यंत टिकते, वर तडा गेल्यास त्याहून कमी. तीस सेमीची कड निवांत उभी असेल तर मिश्रण फार ताकदवान आहे. प्लॅस्टर कमी करा.

सावधान: हा मसाला 40 अंशांच्या वर सुकवू नका. जास्त तापमानाला जिप्सममधलं स्फटिकजल निघून जातं, बांधणी मोडते आणि ओलाव्याचा आकडाही खोटा येतो.

## 5. पेटी

आतून लांबी 1.5 मीटर, रुंदी 0.5 मीटर, उंची 0.6 मीटर. रुंदी उताराच्या उंचीहून कमी नको, नाहीतर बाजूच्या भिंतीच उताराला धरून ठेवतात. एक बाजू जाड काचेची. दुसऱ्या बाजूला ग्रीस लावून त्यावर प्लॅस्टिकचा पातळ कागद चिकटवा.

तळाशी कातळ दाखवायला तिरपी प्लायवूड फळी, वर वॉटरप्रूफ सरसाने चिकटवलेली वाळू. गुळगुळीत फळी ठेवली तर उतार दर वेळी फळीवरूनच सरकेल आणि तुम्ही घसरणीचा पृष्ठभाग स्वतःच ठरवून टाकलेला असेल. पायथ्याशी खडीचा निचरा आणि पाणी गोळा करायला नळी.

पेटी तिरपी करायची सोय आताच करा, एका कडेला बिजागरी आणि दुसरीकडे जॅक. भरल्यावर वजन अर्ध्या टनाच्या आसपास जातं, म्हणून जॅकशेजारी अडकवण्याचे लोखंडी टेकू हवेतच. नुसत्या जॅकवर उचललेल्या पेटीच्या खाली किंवा पुढे कोणीही उभं राहायचं नाही.

## 6. भरणं आणि कापणं

उतार तिरपा भरू नका. आडवे थर भरून मग कापायचा.

थर पाच सेमीचा. आकारमान 1.5 × 0.5 × 0.05 = 0.0375 घनमीटर. कोरडी घनता 1,450 किलो प्रति घनमीटर हवी तर थराला कोरडा मसाला 54.4 किलो, त्यात प्लॅस्टर अर्धा किलोच्या थोडं वर, आणि पाणी सव्वातीन लिटर. मोजून घातलेलं सगळं बरोबर पाच सेमीत बसेपर्यंत लाकडी धुमसाने दाबा. घाव मोजत बसण्यापेक्षा उंची मोजा. काचेवर आधीच पाच-पाच सेमीच्या खुणा करून ठेवल्या की काम सोपं होतं.

पुढचा थर घालण्याआधी खालच्या थराचा वरचा भाग खिळ्याने ओरखडा. दोन थरांमधली गुळगुळीत साय हा तयार कमकुवत पृष्ठभाग असतो. घसरण तिथून गेली तर ती तुमच्या धुमसाची घसरण आहे.

काचेलगत प्रत्येक थरावर रंगीत वाळूची बोटभर रुंद रेघ टाका. रंगीत रांगोळी नको. तिचा रंग पाण्यात सुटतो आणि पुढच्या फोटोत रेघ शोधावी लागते.

याच मिश्रणाने सहा-आठ लहान डबे भरा, बुडाला भोकं पाडलेले. हे जोडीचे नमुने. मॉडेलवर जे घडेल ते यांच्यावरही घडणार. चालू मॉडेलमधून नमुना कापता येत नाही, म्हणून त्या क्षणाची ताकद यांच्यावरच मोजायची.

सगळं ताडपत्रीने झाकून 24 तास ठेवा. मग वरून खाली, पातळ पापुद्रे काढत थापीने उतार कापा. पायथ्यापासून कापायला घेतलं तर वरचा भाग लटकतो आणि तडे जातात.

तपासा: कापल्यावर माथ्यावर केसाएवढा तडाही दिसला तर मॉडेल मोडून पुन्हा भरा. त्यावर मलमपट्टी करून प्रयोग पुढे नेऊ नका.

## 7. विदारण

या टप्प्यात पाणी फक्त जिप्सम नेण्यासाठी आहे, उतार ढकलण्यासाठी नाही. म्हणून धुक्यासारखा बारीक फवारा, तासाला 10 मिमी. वाळूची पाणी सोडण्याची क्षमता याच्या कित्येक पट असते, त्यामुळे आत पाणी साचत नाही. पृष्ठभागावर ओघळ दिसला की फवारा जास्त आहे असं समजा.

फवारा सगळीकडे सारखा पडतो का, हे आधी रिकाम्या पेटीत एकसारख्या वाट्या मांडून मोजा. मधल्या वाट्या भरल्या आणि कडेच्या अर्ध्या राहिल्या तर नोझलची उंची बदला.

किती पाणी लागेल? वरचा दहा सेमीचा थर, पृष्ठभाग अर्धा चौरस मीटर. मसाला सुमारे 72 किलो, त्यात प्लॅस्टर 0.72 किलो, पाणी धरल्यावर जिप्सम 0.86 किलो. लिटरला 2.4 ग्रॅमच्या हिशेबाने ते पूर्ण न्यायला निदान 360 लिटर, म्हणजे तासाला 5 लिटरने 72 तास. हा हिशेब न करता दोन तास फवारा मारून ‘विदारण केलं’ असं लिहिलेलं दिसतं. तेवढ्यात दहा लिटर पाणी जातं आणि फार तर 24 ग्रॅम जिप्सम.

पायथ्याच्या नळीतून येणारं पाणी मोजा आणि त्याची विद्युत वाहकता घ्या. जिप्समने तृप्त पाण्याची वाहकता 25 अंशांना सुमारे 2.2 मिलिसिमेन्स प्रति सेमी असते. ज्ञात द्रावणं करून स्वतःचा आलेख बनवा, म्हणजे वाहकतेवरून लिटरमागे किती ग्रॅम गेलं ते कळेल. बोअरचं पाणी वापरू नका, त्यात मुळातच क्षार असतात. डिस्टिल्ड शक्य नसेल तर गोळा केलेलं पावसाचं पाणी चालतं, पण त्याची मूळ वाहकता वजा करा.

टप्पे जिप्समच्या हिशेबाने ठरवा, तासांच्या नाही: पाव गेलं, अर्धं गेलं, पाऊण गेलं. प्रत्येक टप्प्याला फवारा बंद, निचरा होऊ द्या, मग जोडीचे दोन डबे उघडून शिअर घ्या. डब्यातल्या मसाल्याची खोली आणि उताराच्या थराची खोली सारखीच हवी, नाहीतर डबे आधीच धुऊन निघतात.

सावधान: तुलनेच्या मॉडेललाही तेवढंच पाणी द्यायचं, पण जिप्समने आधीच तृप्त केलेलं. ते पाणी आणखी जिप्सम घेत नाही. ओलावा सारखा, बांधणी शाबूत. याने पाणी आणि विदारण स्वच्छ वेगळे होतात, म्हणून हे टाळू नका.

## 8. उतार पाडणं

ठरलेला टप्पा झाला की ओलावा सुरुवातीच्या 6 टक्क्यांच्या जवळ येईपर्यंत थांबा. ओलं असतानाच पाडलात तर दोन्ही कारणं पुन्हा एकत्र झाली.

पहिली मालिका पेटी तिरपी करून. दर दोन-तीन मिनिटांनी अर्धा अंश, धक्का न देता. कोणत्या अंशाला पहिला तडा आणि कोणत्या अंशाला पूर्ण घसरण, दोन्ही वेगळं लिहा. पावसाने पाडायची मालिका हे आकडे हातात आल्यावर. तेव्हा पायथ्याजवळ आणि फळीलगत छिद्रदाब (दाण्यांमधल्या पोकळीतल्या पाण्याचा दाब) मोजणारे सेन्सर बसवा. आधीच्या मालिकेत त्यांच्या तारा उतारात उगाच अडथळा होतात.

कॅमेरा पेटीच्याच चौकटीला घट्ट बांधा. वेगळ्या तिपाईवर ठेवला तर पेटीचं फिरणं आणि वाळूचं सरकणं फोटोत मिसळतं. फोकस आणि प्रकाशमान हातानेच ठरवून कायम ठेवा. काचेवर न हलणाऱ्या खुणा चिकटवा. दाण्यांच्या हालचाली मोजायला जिओपीआयव्हीसारखी प्रणाली वापरणार असाल तर त्या खुणांवाचून विस्थापनाचे आकडे मिलिमीटरमध्ये येत नाहीत.

प्रत्येक टप्प्याचं मॉडेल निदान तीनदा करा. तीनही वेळी अंशांत मोठा फरक पडत असेल तर भरण्यातच विसंगती आहे. सहाव्या टप्प्यावर परत जा.

## 9. पडल्यावर

घसरलेला ढीग लगेच उपसू नका. आधी वरून आणि बाजूने फोटो, मग रुंदीच्या मधोमध पत्र्याने उभा छेद घ्या. काचेलगतची घसरण भिंतीच्या घर्षणाने बदललेली असते, खरी रेघ मधल्या छेदात दिसते. दोन्हींत फरक असेल तर मधली धरा आणि फरक नोंदवा.

छेदात दर दोन सेमी खोलीवर चिमूटभर मसाला काढून उरलेलं जिप्सम मोजा. आता पाहण्याची गोष्ट ही: घसरणीचा पृष्ठभाग जिप्सम गेलेल्या आणि शाबूत थराच्या सीमेवरून गेला, की कुजलेल्या थराच्या आतूनच? पहिल्या प्रकारात विदारणाची खोली दरडीची जाडी ठरवते. दुसऱ्यात उरलेली ताकद ठरवते. घाटात एखादा उतार तपासताना भोक किती खोल घ्यायचं, हे यावरून ठरवता येतं.

अहवालात चार गोष्टी आकड्यांत द्या: मॉडेलची आणि खऱ्या उताराची ती प्रमाणसंख्या, टप्प्यागणिक कोहिजन, ओलाव्यातलं खोटं कोहिजन आणि तुलनेच्या मॉडेलचा घसरणकोन. पावसाचा वेळ किंवा ‘इतक्या तासांत पडला’ हा आकडा थेट डोंगराला लावू नका. विदारणाचा वेळ या पेटीत प्रमाणात आणलेलाच नाही. फक्त ताकदीची उतरण आणलेली आहे.

वापरलेली वाळू पुन्हा भरायची असेल तर आधी धुऊन काढा आणि धुवणाच्या पाण्याची वाहकता मूळ पाण्याइतकी होईपर्यंत धूत राहा. तिच्यात उरलेलं जिप्सम पुढच्या मिश्रणातल्या 1 टक्क्यात न मोजता मिसळतं.